गेमिंग पीसी की कन्सोल: सहा वर्षांचा हिशेब

प्रश्न: आम्ही गोव्यात साखळीला राहतो. यजमान तारवटी आहेत, वर्षातले बरेच महिने जहाजावर असतात. मोठा मुलगा यंदा अकरावीला विज्ञान शाखेत आहे आणि धाकटी मुलगी सातवीत. मुलाला फुटबॉलचे खेळ आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे खेळ आवडतात. मुलगी त्याच्या मोबाइलवर घरे बांधायचा खेळ खेळते. मुलगा म्हणतो, सव्वा लाखाचा गेमिंग पीसी घ्या, कारण त्यावर खेळ स्वस्त किंवा फुकट मिळतात आणि शेवटी तोच परवडतो. धाकटे दीर म्हणतात, पन्नास-पंचावन्न हजारांचा प्लेस्टेशन कन्सोल टीव्हीला जोडा आणि मोकळे व्हा. घरात एक दहा वर्षांचा लॅपटॉप आहे, तो फार मंद झाला आहे. बँकेची कामे मी त्याच्यावरच करते. मुलाला पुढे इंजिनिअरिंग करायचे आहे. आमची आज ८०,००० रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. यजमान म्हणतात, कन्सोलच हवा असेल तर येताना बाहेरून घेऊन येतो. पुढच्या पाच-सहा वर्षांत खरोखर स्वस्त काय पडेल?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे दीर दुकानात पहिल्या दिवशी मोजाव्या लागणाऱ्या पैशांबद्दल बोलत आहेत आणि मुलगा पुढे खेळांवर होणाऱ्या खर्चाबद्दल. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, पण दोघांनीही हिशेब अर्ध्यावर सोडला आहे. म्हणून आपण तो सहा वर्षांचा मांडू. सहा वर्षे अशासाठी की तेवढ्यात मुलाची अकरावी, बारावी आणि पदवीची चार वर्षे पूर्ण होतात, आणि कन्सोलची एक पिढीही साधारण तेवढीच चालते: प्लेस्टेशन ३ (पीएस३) २००६ मध्ये आला, पीएस४ २०१३ मध्ये आणि पीएस५ २०२० मध्ये. खाली जिथे किमतींच्या तारखा दिल्या आहेत ते, अमेरिकेतले म्हटलेले सोडून, त्या त्या वेळचे भारतातले दर आहेत. बाकीचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले गोल आकडे आहेत, तेव्हा खरेदीच्या दिवशी दुकानातला भाव घालून बेरीज पुन्हा करावी.

आधी कन्सोल. डिस्क चालणारा प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. एप्रिल २०२४ मध्ये आलेले त्याचे सडपातळ मॉडेलही त्याच किमतीला होते. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त होत असे. पीएस३ अमेरिकेत २००६ मध्ये ५९९ डॉलरला होता आणि २००९ मध्ये त्याचे नवे मॉडेल २९९ डॉलरला मिळू लागले. या पिढीत गंगा उलटी वाहिली, त्यामुळे ‘दोन वर्षे थांबू, मग निम्म्या किमतीत मिळेल’ ही आशा धरू नका. दिवाळीच्या सुमारास कंपनी काही हजारांची सूट देते, तेवढी मात्र गाठावी.

तर यंत्राचे ५५,००० धरू. दोन मुले आहेत, म्हणून हातात धरून खेळायचा दुसरा कंट्रोलर आलाच, आणि कंट्रोलरच्या कांड्या काही वर्षांत झिजून खेळाडू आपोआप एका बाजूला सरकू लागतो, तेव्हा सहा वर्षांत आणखी एक बदलावा लागेल असे समजून दोन कंट्रोलरचे १२,००० धरू. आजकालचे मोठे खेळ प्रत्येकी शंभर जीबीच्या घरात जागा खातात, म्हणून वाढीव साठवणीच्या एसएसडीचे ८,००० आणि लहान यूपीएसचे ३,००० धरावेत. त्यानंतर सदस्यत्व. विकत घेतलेला खेळ प्लेस्टेशनवर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लस लागते. त्यातल्या सर्वांत साध्या इसेन्शियल योजनेची वर्षाची वर्गणी २०२२ मध्ये २,९९९ रुपये होती आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती ३,९४९ झाली. ती पुढे वाढणार नाही असे मानले तरी सहा वर्षांचे २३,६९४ होतात. खेळ वर्षाला तीन, म्हणजे एकूण अठरा. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचे स्वतःचे मोठे खेळ पीएस५ साठी पहिल्या दिवशी ४,९९९ रुपयांना येऊ लागले, पण काही सवलतीत आणि काही जुने मिळतात, म्हणून सरासरी ३,००० धरली, एकूण ५४,०००. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, त्यातून एक तृतीयांश परत आले तर निव्वळ खर्च ३६,०००. सगळ्याची गोळाबेरीज १,३७,६९४ रुपये.

आता पीसी. मुलाने सव्वा लाखाचा पीसी सांगितला असला तरी फुलएचडी पडद्यावर मध्यम सेटिंगने खेळायला तेवढ्याची गरज नाही. सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय आणि ८ जीबी मेमरीचे मध्यम ग्राफिक्स कार्ड (खेळातली चित्रे पडद्यावर उमटवणारा भाग) असा टॉवर, म्हणजे पीसीचा मुख्य डबा, मी ७०,००० ला धरला आहे, त्यातले कार्ड साधारण २५,००० चे. मॉनिटर १०,०००, कीबोर्ड-माउस-हेडफोन ३,०००, एक गेमपॅड ३,०००, दमदार यूपीएस ६,००० आणि विंडोजचा अधिकृत परवाना १०,०००. चौथ्या-पाचव्या वर्षी कार्ड बदलावेसे वाटेल. जुने विकून वरची पदरमोड १८,०००. पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळे सदस्यत्व नसते. स्टीम या पीसी-खेळांच्या ऑनलाइन दुकानात रुपयांतल्या किमती आणि ऋतूऋतूंच्या मोठ्या सवलती असतात, त्यामुळे थोडा धीर धरणाऱ्याला सरासरी १,५०० ला खेळ पडतो; अठरा खेळांचे २७,०००. बेरीज १,४७,०००.

म्हणजे सहा वर्षांत फरक सुमारे नऊ हजारांचा, वर्षाला दीड हजार. एवढ्यावरून निर्णय करू नये, कारण माझ्या गोल आकड्यांतला एखादा थोडा सरकला तरी तो फरक पुसला जाईल. काय बदलले की हे पारडे जोरात झुकते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे खेळांची संख्या. वरच्या हिशेबात कन्सोलवरचा एक खेळ डिस्क विकून निव्वळ २,००० ला आणि पीसीवरचा १,५०० ला पडतो. वर्षाला तीनऐवजी सहा खेळ घेतले तर दोन्ही बेरजा १,७४,००० च्या आसपास येऊन समान होतात, आणि त्याहून जास्त घेतले की पीसी स्वस्त पडू लागतो. उलट तुमचा मुलगा फक्त फुकटचे खेळ खेळणार असेल तर चित्र साफ बदलते. ‘ईफुटबॉल’ हा फुटबॉलचा खेळ २०२१ पासून फुकट आहे, आणि अशा फुकट खेळांना प्लेस्टेशनवर पीएस प्लस लागत नाही. तसे झाले तर कन्सोलचा सहा वर्षांचा खर्च ७८,००० वर थांबतो, आणि पीसीचा, कार्ड न बदलताही, १,०२,००० होतो. ‘पीसीवर खेळ फुकट मिळतात’ हे मुलाचे म्हणणे खरे आहे, एपिक या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला एखादा खेळ खरोखर फुकट मिळतो. पण फुकटावरच भागणार असेल तर त्याच युक्तिवादाने कन्सोल जिंकतो, हे त्याला शांतपणे दाखवून द्या.

गोव्यातल्या मुलांचा जीव फुटबॉलमध्ये असतो, म्हणून फुटबॉलच्या खेळाबद्दल वेगळे लिहिते. ज्या खेळाला वर्षानुवर्षे फिफा म्हणत आणि जो २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने येतो, त्याचा नवा भाग दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस बाजारात येतो आणि किंमत चार-पाच हजारांच्या घरात असते. बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या सवलतीतच ती बरीच उतरते. पहिल्याच आठवड्यात घेण्याचा हट्ट सहा वर्षांत पंधरा हजार सहज खाऊन टाकतो, यंत्र कोणतेही असो. नवा भाग एक वर्षाआड घ्यायचा असे घरात ठरले तर आणखी बचत होते, कारण दोन भागांत खेळाडूंच्या याद्या बदलतात, मैदानावरचा खेळ फारसा नाही.

विजेच्या बिलाची काळजी पुष्कळ पालक करतात, ती इथे फारशी लागू नाही. पीएस५ मोठा खेळ चालवताना साधारण २०० वॅट घेतो, टीव्हीचे १०० धरा. मध्यम पीसी आणि मॉनिटर मिळून ३३० वॅटपर्यंत जातात. रोज दोन तास, वर्षातले ३०० दिवस, आणि युनिटला पाच रुपये धरले तर एकाचे ९०० आणि दुसऱ्याचे ९९० रुपये होतात. तुमच्या बिलातला टप्पा पाहून दर बदलून घ्या, निष्कर्ष तोच राहील.

तुमच्या घरापुरता निर्णय ज्या गोष्टीवर ठरतो ती पत्रात शेवटाकडे आली आहे: तो दहा वर्षांचा लॅपटॉप. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि एवढ्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्याच यंत्रावरून यजमानांच्या पगाराचे बँक-व्यवहार होतात, ही गोष्ट मला खेळांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. नवा संगणक घरात येईपर्यंत ती कामे बँकेच्या मोबाइल अॅपवरून करा. मुलाच्या अभ्यासाला, प्रकल्पांना आणि दोन-तीन वर्षांत मुलीलाही संगणक लागणार आहे. म्हणजे कन्सोल घेतला तरी अभ्यासाच्या संगणकाचे किमान ४५,००० बाजूला काढावेच लागतील, आणि मग कन्सोलकडची बेरीज १,८३,००० च्या आसपास जाते. पीसी १,४७,००० तच दोन्ही कामे करतो. फरक छत्तीस हजारांचा झाला, आणि तो पीसीच्या बाजूने झाला.

एवढ्यावर ‘पीसी घ्या’ असे लिहून मला थांबता आले असते, पण दोन वर्षांनी तुमचा मुलगा कुठे असेल हे आज कोणालाच माहीत नाही. तो फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला तर साखळीहून जाऊन-येऊन करील आणि घरातला पीसी त्याच्या उपयोगाचा राहील. तो वसतिगृहात किंवा गोव्याबाहेर गेला तर त्याला लॅपटॉप घेऊन द्यावा लागेल, टॉवर घरी राहील, आणि महागडे ग्राफिक्स कार्ड आठवीतून नववीत गेलेल्या बहिणीच्या निबंधांसाठी पडून राहील. आज ८०,००० खर्च करताना ही शक्यता डोळ्यांआड करू नये.

म्हणून माझा सल्ला असा की पीसी घ्यावा, पण दोन हप्त्यांत. कन्सोलची किंमत एकदमच मोजावी लागते. पीसी भागाभागाने घेता येतो, आणि तुमच्यासारख्या घरात हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. आत्ता ग्राफिक्स कार्डाशिवाय टॉवर घ्या, साधारण ४५,००० चा, ज्याच्या प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स असेल. मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस आणि विंडोज मिळून खर्च ७४,००० होतो आणि तुमच्या ८०,००० त बसतो. अशा यंत्रावर फुटबॉलचे खेळ कमी सेटिंगवर चालतात, मुलीचा घरे बांधायचा खेळ उत्तम चालतो, आणि अभ्यासाला तर ते पुरून उरते. दोन गोष्टींत मात्र हात आखडता घेऊ नका. पॉवर सप्लाय ५५० ते ६५० वॅटचा आणि नावाजलेल्या कंपनीचा असू द्या, म्हणजे पुढे कार्ड घालताना तो बदलावा लागणार नाही. आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) चालू पिढीच्या सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेचा, घ्या. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ च्या कित्येक बोर्डांनी बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत केल्यावर २०२२ चा प्रोसेसर स्वीकारला. बोर्ड आणि रॅम तेच ठेवून लोकांना पाच वर्षांनी नवे यंत्र मिळाले. हे प्रत्येक सॉकेटच्या बाबतीत होत नाही, म्हणून हाच प्रश्न विक्रेत्याला नेमका विचारा. एक अडचण सांगून ठेवते: २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली. भाव फारच बोचत असेल तर रॅमसाठीची एक जागा मोकळी ठेवून आत्ता ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि भाव उतरल्यावर दुसरी घाला. एका पट्टीवर प्रोसेसरमधले ग्राफिक्स मंदावतात, तेवढे काही महिने मुलाने सोसावे.

ग्राफिक्स कार्डाचा निर्णय बारावीचा निकाल आणि प्रवेश झाल्यावर करा. मुलगा घरी राहिला तर कार्ड त्या वेळच्या भावाने घाला. बाहेर गेला तर तेच पैसे त्याच्या लॅपटॉपकडे वळवा, आणि मुलीला तोपर्यंत खेळांची गोडी लागली असेल तर तिच्यासाठी कन्सोलचा विचार तेव्हा करा. तोपर्यंत घरात अभ्यासाचा संगणक असल्यामुळे तो खर्च वेगळा पडणार नाही. बारावीच्या वर्षात घरात कार्ड नसणे मुलाच्याही हिताचे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ‘मग सरळ गेमिंग लॅपटॉपच का नको’ असे कोणी विचारील. त्याचे ग्राफिक्स पुढे बदलता येत नाही, तापतो लवकर, आणि आज घेतलेला लॅपटॉप पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत थकलेला असेल. लॅपटॉप घ्यायचाच झाला तर तो कॉलेज सुरू होताना घ्यावा.

जुने कार्ड कोणी स्वस्तात देऊ केले तर जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारे त्याचे उत्खनन, म्हणजे ते चलन मिळवण्यासाठीची आकडेमोड, बंद पडले, तेव्हा अहोरात्र राबवलेली कित्येक कार्डे जुन्या बाजारात आली. वॉरंटी शिल्लक असल्याचे मूळ बिल दाखवत नसेल तर घेऊ नका.

आता आपल्या हवेबद्दल. सहा वर्षांच्या खर्चातला हा भाग मुंबई-पुण्याच्या माणसाने केलेल्या हिशेबात सापडणार नाही. तुम्ही खाणपट्ट्यात राहता. जवळच्याच मये येथे माझ्या भाच्याच्या टॉवरचे झाकण मी काढले होते, तेव्हा पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेवर तांबड्या मातीचा जाड थर बसलेला होता आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यांमधली जागा जवळजवळ बुजली होती. उन्हाळ्यात बसलेली ही बारीक धूळ पावसाळ्यात हवेतला दमटपणा पिते, तिची ओलसर साय होते आणि मग ती फुंकरीने निघत नाही. पंखे जोरात फिरू लागतात, यंत्र तापते, आणि खेळ अडखळू लागला की मुलाला वाटते कार्ड जुने झाले. आमच्या बाबतीत मऊ ब्रश, हवेचा ब्लोअर आणि प्रोसेसरवरची नवी पेस्ट एवढ्यावर काम भागले आणि नव्या कार्डाचा खर्च टळला. पीसीची अशी सफाई एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि चवथीनंतर एकदा करावी. ती घरी करता येते. प्लेस्टेशन ५ मध्येही धूळ साठण्याच्या जागा ठेवलेल्या आहेत आणि बाजूची पांढरी कवचे काढून तिथली धूळ ओढून घेता येते, पण त्याच्या आतले शीतक उघडू नये, कारण तिथे द्रवरूप धातू वापरलेला आहे आणि तो सांडला तर बोर्डच जातो. कन्सोल टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती त्याच्या मुळावर येते. दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी मोकळी जागा हवी.

जूनमधल्या पहिल्या गडगडाटात वीज जाते-येते, आणि यंत्राचा जीव त्या येण्या-जाण्यात असतो. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो; कार्ड घातलेला पीसी आणि मॉनिटर खेळाच्या भरात त्या मर्यादेला भिडतात, म्हणून मी १००० व्हीएचा यूपीएस हिशेबात धरला आहे. कन्सोल आणि टीव्हीला लहान पुरतो. तीन-चार वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी लागते. घर जुने असेल तर वायरमनला बोलावून त्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर टॉवरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि तिथे महागडा सर्ज प्रोटेक्टर लावूनही उपयोग होत नाही. विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद न करता प्लग काढा आणि इंटरनेटच्या राउटरकडून येणारी तारही काढा. विजेचा झटका त्या तारेतूनही येतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

दुरुस्तीचा विचार करता दोन्हींत मोठा फरक आहे. कन्सोलची वॉरंटी सहसा एका वर्षाची असते आणि नंतर आतले काहीही बिघडले तरी पूर्ण यंत्र सेवा केंद्राकडे जाते. पीसीचे भाग सुटे असतात. मदरबोर्ड आणि कार्डाला सहसा तीन वर्षे, चांगल्या पॉवर सप्लायला पाच किंवा जास्त वर्षे वॉरंटी असते. मात्र त्या भागाचे सेवा केंद्र पणजीत किंवा मडगावात आहे की तो मुंबईला पाठवावा लागेल, हे घेण्याआधी विचारा. लॅमिंग्टन रोडवर दोन हजार स्वस्त मिळतो म्हणून आणलेला भाग परत पाठवण्यात तेच दोन हजार आणि तीन आठवडे जातात.

यजमानांना कन्सोल बाहेरून आणू नका असेच सांगा. तो चालेल, त्याचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टचा असतो आणि पीएस५ च्या डिस्क कोणत्याही देशातल्या चालतात. पण वॉरंटी सहसा ज्या देशात घेतला तिथलीच असते, आणि खात्याचा देश एक व डिस्क दुसऱ्या देशाची असली की त्या खेळाचे वाढीव भाग जुळत नाहीत. कस्टमचाही विचार करावा लागतो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय वेगळा आणता येतो, कन्सोलला तशी वेगळी सूट नाही. शिवाय करार संपवून उतरणारा खलाशी आणि मधल्या सुट्टीत येणारा खलाशी यांना मिळणारी सवलत सारखी नसते. मुलाच्या कॉलेजच्या वेळी लॅपटॉप आणायचा झाला तर मात्र यजमानांच्या सुट्टीचा उपयोग करून घ्यावा, आधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते पाहून.

‘फुकट खेळ’ म्हणताना मुलाच्या मनात चोरीचे, कुलूप तोडलेले खेळ असतील तर त्याला स्पष्ट नकार द्या. अशा फायलींबरोबर पासवर्ड चोरणारे आणि यंत्र गुपचूप राबवणारे प्रोग्राम येतात, आणि तुमची बँकेची कामे पुढे याच संगणकावर होणार आहेत. सावधगिरी म्हणून त्यावर तुमचे आणि मुलांचे खाते वेगवेगळे ठेवा, आणि मुलांच्या खात्याला नवे प्रोग्राम चढवण्याचा अधिकार देऊ नका. टॉवर जोडून देणारे काही दुकानदार विंडोजही तसेच चोरीचे घालून देतात, म्हणून मी परवान्याचे १०,००० वेगळे धरले आहेत. बिलात त्याची ओळ असल्याची खात्री करा.

हिशेबात न दिसणारी सर्वांत मोठी गळती खेळाच्या आत होते. फुटबॉलच्या खेळात चांगला खेळाडू निघेल या आशेने पाकिटे विकत घेतली जातात, इतर खेळांत पोशाख आणि शस्त्रे. मी वर कुठेही याचे पैसे धरलेले नाहीत, कारण ते शून्य असावेत असे माझे मत आहे. तुमचे कार्ड कुठल्याही दुकानात साठवून ठेवू नका. महिन्याची ठरलेली रक्कम वॉलेटमध्ये भरा आणि ती संपली की संपली. प्लेस्टेशनवर पालकांना मुलाच्या खात्यावर महिन्याची खर्चमर्यादा घालता येते. स्टीमवर २०२४ पासून कुटुंबातल्या सहा जणांपर्यंत एकच संग्रह वाटून घेता येतो आणि मुलाने निवडलेला खेळ पालकाने मंजूर केल्यावरच विकत घेतला जातो, म्हणजे भावाने घेतलेले बहुतेक खेळ बहिणीलाही मिळतील. दोघे एकाच वेळी खेळणार असतील तर एकाच खेळाची दुसरी प्रत लागते, वेगवेगळे खेळ असतील तर लागत नाही. स्टीमवर घेतलेला खेळ आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मिळतात. ही सवय मुलाला पहिल्याच खरेदीपासून लावा.

मासिक वर्गणीत शेकडो खेळ देणाऱ्या योजना आकर्षक वाटतात, पण त्यांच्या किमतीवर आपला ताबा नसतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलच्या गेम पास अल्टिमेट योजनेची अमेरिकेतली महिन्याची वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाली. परीक्षेनंतरच्या सुट्टीत एखाद्या महिन्यापुरती घ्यावी आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावे. डिजिटल खेळांची दुकानेही कायमची नसतात: एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले आणि तिथली नवी खरेदी थांबली. पीसीवर जुना संग्रह नव्या यंत्रावर चढवता येतो, ही सोय दहा वर्षांच्या हिशेबात मोलाची आहे. पण तिथेही स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला पाठबळ देणे थांबवले, म्हणजे विंडोज वेळोवेळी बदलत राहावे लागते. कन्सोल पुढे कधी घेतलाच तर डिस्कची जागा असलेलाच घ्या, नाहीतर जुन्या डिस्क विकण्या-घेण्याचा जो तृतीयांश फायदा मी धरला आहे तो मिळणार नाही.

खरेदीला जाताना मुलाला बरोबर न्या आणि भागांची यादी त्यालाच लिहू द्या, प्रत्येक भागापुढे किंमत आणि वॉरंटीची वर्षे असलेली. म्हापशात आणि पणजीत किमान दोन दुकानांत ती यादी दाखवून लेखी दरपत्रक घ्या. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक वेगळा लिहून घ्या, एकरकमी ‘संगणक संच’ असे लिहिलेले बिल स्वीकारू नका, कारण तीन वर्षांनी एखादा भाग बदलून मागताना तोच अनुक्रमांक दाखवावा लागतो. खोकी निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, फक्त त्यांना वाळवी लागणार नाही अशा उंचीवर.